पहिला कोयता घेताना

बागेसाठी पहिलाच कोयता घेतोयस ना, मग चकचकीत स्टीलचा नको. लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, करून घे. हातात तोलून बघ, वजन पात्याच्या टोकाकडे झुकायला हवं आणि मूठ जराही हलता कामा नये.

धार कानशीने काढ, मग ओल्या दगडावर फिरव. ग्राइंडरवर मात्र नेऊ नकोस! पातं तापून निळं पडलं, की लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही. माझा वडिलांच्या हातचा कोयता असाच गेला, अजून हळहळ वाटते.

कैरी-कोकम कापल्यावर लगेच धुऊन पूस, खोबरेल तेलाचं बोट फिरव. पावसाळ्यात तर रोजच. बागेत फिरताना कोयता कमरेच्या आकडीत, म्हणजे तो अडकवायच्या हुकात, असू दे, हातात उघडा नको.