वही का सुटत नाही?

प्रश्न : गोदामात नवं सॉफ्टवेअर येऊन तीन महिने झाले. दोनदा प्रशिक्षण दिलं, तरी जुनी माणसं आधी वहीतच नोंद करतात. सक्ती करू का?

उत्तर : सक्ती नका करू. त्यांच्या शेजारी बसून ती वही वाचा. मीही एकदा अशीच वही बंद करायला लावली होती. समासात पेन्सिलीनं ‘खोकं ओलं, आधी काढा’ असं लिहिलेलं असायचं, हे नंतर कळलं. नव्या स्क्रीनवर त्याला जागाच नव्हती. माल खराब झाला, आणि चूक माझी होती.

१९४८ साली लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका पायजमा कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला नुसतं कळवलं, त्याचं घसरलेलं उत्पादन सावरलं नाही. काहींनी तर नोकरीच सोडली. ज्यांना बदल आखतानाच सोबत घेतलं, ते लवकर सावरून आधीच्याही पुढे गेले.

तुमच्याकडच्या सगळ्यात अनुभवी माणसाला विचारा, स्क्रीनवर काय कमी आहे? त्यातली एक गोष्ट तरी याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. वही तोवर राहू द्या.