देवळातला काळोख आणि साडेतीन लाखांचा कॅमेरा

प्रश्न : मी फोंड्याची. पणजीला, आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीच्या दिवशी लग्न-मुंजीचे फोटो काढते. सेकंडहँड निकॉन डी ७५० कॅमेरा आणि २४-१२० एफ/४ व जुनी ५० एमएम १.८ डी अशा दोन लेन्स आहेत. देवळातले फोटो दाणेदार येतात. सगळे मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) गेलेत. साडेतीन लाखांचं कर्ज काढून सगळा सेट बदलू का? बाबा तयार आहेत. आई म्हणते, आधी नोकरी बघ.

उत्तर : कर्ज नको. यंदा तरी नको.

तुझी तक्रार दाणेदार फोटोंची आहे आणि त्यात बॉडीपेक्षा, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा, एफ/४ लेन्सचा वाटा मोठा आहे. समयांच्या उजेडात ती लेन्स म्हणजे अर्धवट उघडलेली खिडकी. एफचा आकडा लहान तितकी खिडकी मोठी. एफ/१.८ वर जवळजवळ पाचपट उजेड आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) ६४०० लागतो तिथे १२५० मध्ये भागतं. अशी लेन्स तुझ्या बॅगेत आहेच की! पुढच्या लग्नात नवरीचे क्लोजअप तिच्यावर काढून बघ. आठ-दहा जणांच्या ग्रुपला मात्र १.८ चालणार नाही, मागच्या रांगेचे चेहरे फोकसबाहेर जातील. तिथे फ्लॅश छताकडे वळव, आणि छत उंच किंवा काळं लाकडी असेल तर सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारी पेटी) लाव. पैसे घालायचेच तर सेकंडहँड ८५ एमएम १.८ घे. नव्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुझा हात सावरेल, हार घालायला पुढे झालेली नवरी त्याने स्थिर होत नाही.

मेगापिक्सेलची चिंता सोड. १२ बाय १८ इंचाचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायला दोन कोटी पिक्सेलही लागत नाहीत. तुझ्याकडे २.४ कोटी आहेत.

मिररलेसवाले उगाच खर्च करतात असं मी म्हणणार नाही. डोळ्यावर पक्का बसणारा फोकस आणि विधी चालू असताना आवाज न करणारा शटर, दोन्ही कामाचे. (मंडपातल्या एलईडी दिव्यांखाली त्या मुक्या शटरने फोटोत पट्टे येऊ शकतात, हे दुकानदार सहसा सांगत नाही.) खरा प्रश्न व्हिडिओचा आहे. डी ७५० वर फोर-के (जास्त बारकाव्याचा व्हिडिओ) नाही. गिऱ्हाइकं लग्नाची फिल्म मागत असतील आणि तू ‘नाही’ म्हणत असशील, तर बदल करायला कारण आहे. ‘सगळे गेलेत’ हे कारण नव्हे. गेल्या हंगामात कॅमेऱ्यामुळे हातचं गेलेलं एक तरी काम आठवतं का, बघ. शिवाय ती पन्नासची डी लेन्स निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स नव्या मिररलेसला बसवणारा जोड) ऑटोफोकस करत नाही, तोही खर्च मोजायला हवा.

आता हप्ता. साडेतीन लाख तीन वर्षांत फेडायचे तर नुसती मुद्दलच महिन्याला पावणेदहा हजारांच्या घरात, वर व्याज. आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मुहूर्त जवळजवळ बंद, हप्ता मात्र चालूच.

आईचं निम्मं बरोबर आहे. परीक्षा झाली की एखाद्या जमलेल्या फोटोग्राफरकडे हंगामभर सेकंड शूटर (जोडीचा दुसरा फोटोग्राफर) म्हणून जा. गिऱ्हाईक कसं सांभाळतात, पैसे कसे वसूल करतात, ते तिथेच कळतं. फिल्मचं काम आलंच तर मिररलेस भाड्याने आण आणि भाडं बिलात धर. अशी कामं येतच राहिली, की घे नवीन. तेव्हाही डी ७५० विकू नकोस. तुझ्यासारख्या जुन्या, आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्याला आता भाव नाही, आणि लग्नात एकाच बॉडीवर विसंबणं हा जुगार आहे.

पावसाआधी एक ड्राय कॅबिनेट (ओलावा आटोक्यात ठेवणारं कपाट) मात्र घेच आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेव. आपल्या हवेत लेन्स चार महिने बॅगेत पडली तर बुरशी धरते, आणि मग तिला धड गिऱ्हाईकही मिळत नाही.