शिश्याचे मणी, नग 23

शिरपूरकडच्या एका तरुण मित्राने विचारलंय: "आम्ही पाच-सहा जण दर रविवारी किल्ल्यांवर साफसफाईला जातो. आता खानदेशात जिथे प्रत्यक्ष लढाया झाल्या त्या जागा शोधून जपण्यासाठी गट काढायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू? मेटल डिटेक्टर घेऊ का? संस्था रजिस्टर करून घेऊ का?"

भाऊ, मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीत असतानाच हा नाद लागला, आता निवृत्तीनंतर तर घरचे मला शिवारातच शोधतात. तेव्हा उत्तर लांबेल.

डिटेक्टरचं आधी सांगतो. घेऊ नका. आम्ही तर डिटेक्टर नसतानाच घाण करून ठेवली होती, ती ऐका. 2011 चा मे महिना, तापीकाठचं एक गाव. कपाशी निघून गेलेली, पऱ्हाट्या उपटून शेत नांगरलेलं आणि आदल्या रात्री वळवाचा एक जोरदार पाऊस पडून गेलेला. काळ्या ओल्या मातीत शिसं कसं दिसतं ते एकदा बघितलं की विसरत नाही. वर खडूसारखी पांढुरकी पूड चढलेली, बोराएवढा आकार. उचललं की हाताला चटकन जड लागतं. हा खडा नव्हे हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. आम्ही चौघांनी दोन तासांत 23 गोळ्या वेचल्या. फरसाणच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि खडखड वाजवत घरी आणल्या. त्या दिवशी स्वतःला फार मोठे संशोधक समजत होतो.

वर्षभराने पुरातत्त्व शिकवणारे एक सर घरी आले. त्यांनी गोळ्या कागदावर ओतल्या, कॅलिपरने मापल्या आणि विचारलं, "यातली कुठली कुठे सापडली?" म्हटलं, शेतात. "शेत केवढं?" तीन एकर. सर काही बोलले नाहीत, एकेक गोळी उचलून परत डब्यात टाकत राहिले.

त्यांनी नंतर जे समजावलं ते असं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या बंदुकीची नळी पाऊण इंची. तिची गोळी त्याहून थोडी लहान, साधारण साडेसतरा मिलिमीटर, पौंडाला चौदाच्या आसपास बसणारी. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडवायच्या, बंदुकांच्या गोळ्यांना असं एकच माप नसतं, लहान-मोठ्या, ओबडधोबड, कधी ठोकून गोल केलेल्या. म्हणजे माप बघून गोळी कोणाची याचा अंदाज येतो. शिवाय जी गोळी अगदी गोल आहे ती बहुधा बार भरताना हातातून पडलेली किंवा वेग संपून जमिनीवर घरंगळलेली, आणि जी चपटी झालीय ती कशाला तरी जोरात आदळलेली. त्या बंदुकांनी शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात फारसा अर्थ नव्हता. आता या तीन गोष्टी जागेसकट कळल्या असत्या, म्हणजे कंपनीच्या मापाच्या गोल गोळ्या बांधाजवळ आणि चपट्या नाल्याच्या काठाला, तर कोण कुठे उभं होतं आणि कोणावर मारा होत होता ते शेताने स्वतःच सांगितलं असतं. आम्ही त्या शेताची जीभच कापून आणली होती.

वर कायद्याची भानगड वेगळीच. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. दहा रुपये! आम्हाला हे उशिरा कळलं. मग अर्ज लिहून डबा जमा करायला गेलो, तर एका कार्यालयात "याचं मी काय करू, काका?" म्हणत चार चकरा मारायला लावल्या. शेवटी पोच मिळाली, तिच्यावर लिहिलंय: "शिश्याचे मणी, नग 23". ती पोच मी फ्रेम करून ठेवलीय. गटात नवीन मुलगा आला की त्याला आधी तीच दाखवतो.

तर नियम एकच करा. काही दिसलं तर हात लावायचा नाही. मोबाइलवर अक्षांश-रेखांश, बाजूला पट्टी ठेवून फोटो, गट नंबर, जवळच्या बांधापासून पावलं, तारीख. वहीत नोंद. वस्तू तिथेच. शेतकऱ्याला सांगायचं आणि पुढे लेखी कळवायचं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर खुरपं लावणंसुद्धा गुन्हा आहे, आणि केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्याभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी व पुढचे 200 मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही, हेही पाठ असू द्या. ते कलम कधीतरी तुमच्या बाजूने वापरायची वेळ येते.

आता सुरुवात कुठून. तुम्ही शिरपूरचे, मग थाळनेर सोडून दुसरीकडे बघूच नका. एक जागा, दोन वर्षं. सगळा खानदेश एकदम अंगावर घेतलेले गट मी फोटोंचे अल्बम करून थांबलेले पाहिलेत.

थाळनेरला लोक खानदेशच्या फारुकी सुलतानांची थडगी बघायला जातात, ती बघाच, फारुकींची पहिली राजधानी ती. पण तुमचा विषय 27 फेब्रुवारी 1818 चा. महिदपूरला हरल्यावर होळकरांनी 6 जानेवारीला मंदसौरचा तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे आपला खानदेश, कंपनीला देऊन टाकला. कागदावर दिला, पण किल्ल्यातल्या माणसांनी तो सोडायला हवा ना. कंपनीचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याच्या वाटेने खाली उतरला, थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने तोफ डागली. दरवाजे एकामागून एक पडत गेले. शेवटच्या दरवाज्यावर बोलणी चालू असताना, एकमेकांची भाषा न कळून म्हणा की कसं, झटापट झाली, आत शिरलेले मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली, आणि त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिलं. स्वतःच्या धन्याने केलेल्या तहाविरुद्ध लढला म्हणून फाशी द्यायची का, हा वाद पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेला.

हे सगळं किल्ल्यात घडलं असं वाटतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. तापी किल्ल्याला चिकटून वाहते, मग तोफा कुठल्या अंगाला लावल्या? पाण्यासाठी छावणी कुठे पडली? बैल, उंट, हजारो बाजारबुणगे कुठे उतरले? तो सगळा भाग आज कुणाच्या तरी केळीत नाही तर कपाशीत आहे आणि त्याच्यावर कोणाचंच लक्ष नाही. तुमचं काम तिथे आहे.

त्यासाठी कागद. त्या मोहिमेत असलेला मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर याने 1821 साली तिचा वृत्तांत नकाशांसकट छापला. 1880 चं खानदेश गॅझेटियर आहेच. दोन्ही एका बाजूचे, हे डोक्यात ठेवून वाचा. मराठी-मोडी कागदांसाठी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे; इतिहासाचार्य राजवाडे गेले 31 डिसेंबर 1926 ला आणि मंडळ उभं राहिलं 9 जानेवारी 1927 ला, दहा दिवसांत. (आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ठरवायला याहून जास्त लागतात.) तुमच्यातल्या एकाने तरी मोडी शिका. सहा महिने रोज अर्धा तास दिला तर वाचता येते.

मग माझ्या धंद्याची गोष्ट. साहेबाच्या नकाशावर अंतरं यार्डात असतात. आपली जुनी मोजणीची साखळी 33 फुटी, म्हणजे बरोबर 11 यार्ड. 440 यार्ड म्हणजे 40 साखळ्या. गुंठाही एक साखळी बाय एक साखळीच. त्यामुळे जुना गावनकाशा आणि तो लष्करी नकाशा एकमेकांवर ठेवायला वाटतो तेवढा त्रास होत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची नक्कल मागा, आणि जुन्या सर्व्हे नंबरांवरून जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे गट नंबर कसे झाले ते दाखवणारा तक्ताही मागा, नाहीतर सातबारा बघत भलत्याच बांधावर जाऊन उभे राहाल. घरं बदलतात, नद्या काठ खातात. शिवरस्ते, नाले आणि गाडीवाटा सहसा फार हलत नाहीत. नकाशा त्यांच्यावर टेकवा.

जमीन वाचायची सवय लावायची असेल तर एकदा अजिंठ्याचा डोंगर ओलांडून असईला जाऊन या. ते खानदेशात नाही, पण शाळा म्हणून त्यासारखी जागा नाही. 23 सप्टेंबर 1803 ला मराठ्यांशी लढायला आलेल्या कंपनीच्या वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाड्ये म्हणत होते उतार नाही. त्याने बघितलं, पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं काठांवर समोरासमोर आहेत. मध्ये ये-जा असल्याशिवाय माणसं अशी समोरासमोर गावं वसवत नाहीत, म्हणजे उतार असणारच. आणि होता. नेपोलियनला हरवणारा म्हणून तो पुढे गाजला ते सोडा, हा विचार तापीकाठच्या कुठल्याही गुराख्याला सुचला असता. तुम्हालाही तो सुचायला लागला की समजा तयार झालात.

बाकी जागांबद्दल थोडक्यात. मालेगाव 1818 मध्ये खानदेशातच मोजलं जायचं. 18 मे ते 13 जून कंपनीचा वेढा चालला, किल्ल्यातल्या अरब शिपायांनी हल्ला परतवला, शेवटी दारूखाना उडून तटाला भगदाड पडलं. पण आज मोसमकाठी सगळं शहर झालंय, किल्ल्यात शाळा भरते. नवख्यांनी तिथून सुरू करू नये. साल्हेरला 2025 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आनंदच आहे, मात्र मराठे-मुघलांची 1672 ची लढाई झाली गडाखाली मोकळ्यावर. बखरकार सभासद लिहितो की तीन कोस धुरळ्यात आपलं-परकं दिसेना. तीन कोसांचं शिवार कोण जपणार? (बागलाण खानदेशात धरायचं की नाही यावर कृपा करून वाद घालू नका.)

आंबापाणीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. 11 एप्रिल 1858, खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांची सातपुड्यातली लढाई. खाज्या नाईक म्हणजे सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा कंपनीचाच माणूस, तो उलटला. पहिली अडचण नावाची: आंबा आणि पाणी जिथे आहे तिथे आंबापाणी, सातपुड्यात या नावाचे पाडे एकाहून जास्त आहेत. नकाशावर बोट ठेवून "हेच ते" म्हणू नका. दुसरी, तिथे तुम्ही पाहुणे आहात. पावरा-भिल्लांच्या गाण्यांत, गोष्टींत ती माणसं आजही नावानिशी आहेत आणि ती जागा त्यांच्या घरातली आहे. महाराष्ट्राच्या बाजूचे बहुतेक पाडे पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) येतात, तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाटी काय, चुन्याची रेघही ओढू नये. आमच्या गटातल्या एका उत्साही मुलाने न विचारता एका दगडाला भगवा रंग फासला होता. तो गावाचा देव निघाला. आम्ही माफी मागितली, रंग रॉकेलने काढून दिला, तरी पुढची दोन वर्षं त्या पाड्यावर आम्हाला कुणी चहा विचारला नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं.

गावात विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. "इथे लढाई कुठे झाली?" असं प्रमाण मराठीत विचारलं की उत्तर ठरलेलं: "आठे काय बी नई शे, भाऊ." शेतांची नावं विचारा. कुठल्या वावराला काय म्हणतात, नांगराला कुठे दगड लागतात, कुठे काय निघायचं. अहिराणीत बोला, येत नसेल तर निदान ऐका. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा. माणसं तुम्हाला इतिहास सांगतात, बाया जागा सांगतात.

आणि तुमचा खरा शत्रू ओळखा. आपल्याकडे धाब्याच्या घरांवर टाकायला गढीची पांढरी माती न्यायची पद्धत पिढ्यानपिढ्यांची. गाडीभर माती, खोऱ्याने; त्याने गढी झिजायची, संपत नव्हती. आता धाबी गेली, स्लॅब आले, पण जेसीबीही आला. तीच पांढरी वावरात टाकायला आणि टेकाडाचा मुरूम रस्त्याच्या भरावाला, एका रात्रीत जातो. आमच्या डोळ्यांदेखत एक टेकाड असंच गेलं. मुरूम हे गौण खनिज आहे, परवान्याशिवाय उचलता येत नाही, पण तक्रार करायला तुमच्याकडे "हे टेकाड काय आहे" याचा कागद हवा. तो नसला की तलाठ्याच्या लेखी ती नुसती पडीक जमीन. म्हणून ग्रामसभेचा ठराव घ्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यातली एक ग्रामसभा पकडा आणि गट नंबरांसह चार ओळी इतिवृत्तात लिहून घ्या. खर्च शून्य. आमच्या कामात सगळ्यात टिकलेली गोष्ट असेल तर त्या चार ओळी.

संस्थेची घाई करू नका. सात माणसं, घटना, धर्मादाय कार्यालय, दरवर्षी हिशेब. नोंदणीच्या आधीच अध्यक्ष कोण यावर निम्मे गट फुटतात. दोन वर्षं वही भरू द्या, निधीची खरंच गरज पडली की मग बघा. तोवर एक वही, एक खजिनदार, आणि तोही चहाचे पैसे सांभाळण्यापुरता.

या उन्हाळ्यात पहिली फेरी करा. शेत रिकामं झाल्यावर, मालकाला आदल्या दिवशी फोन करून, सकाळी सहाला. दहा वाजले की बाहेर या. मे महिन्यातलं तापीकाठचं ऊन गमतीचं नाही. ओळीने चालायचं, दोघांत पाच पावलं अंतर, नजर पायाशी. मला दोन दिवस आधी कळवलंत तर गावनकाशाची नक्कल आणि साखळी घेऊन मी येतो.