स्पूफिंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: विमानांच्या बिनतारी संदेशयंत्रणांच्या सुरक्षा-चाचणीवर मराठीत लिहिताना 'स्पूफिंग'ला 'फसवणूक' म्हटलं तर चालेल का? आणि 'जॅमिंग' व 'स्पूफिंग' दोन्हींना 'सिग्नल बिघडवणे' लिहिलं तर काय हरकत आहे?

'फसवणूक' फार ढोबळ होतं. फसवलं कसं, ते त्यातून कळत नाही. स्पूफिंगमध्ये कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने बोलत असतो, आणि त्याला मराठीत शब्द तयार आहे: तोतयेगिरी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला तो तोतया. 'बहुरूपी' इथे चालणार नाही, कारण त्याचं सोंग बघणाऱ्याला ठाऊक असतं.

एडीएस-बीत हा शब्द चपखल बसतो. या पद्धतीत विमान आपली जागा, उंची, वेग १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच जाहीर करत असतं. संदेश ११२ बिटांचा. त्यातले २४ बिट विमानाचा पत्ता, म्हणजे त्याचं नावच म्हणा. शेवटचे २४ पडताळणीचे. पण ही पडताळणी वाटेत बिट बदलले का, एवढंच बघते. बोलणारा खरा कोण हे विचारायची सोयच नाही. सही नाही, कूटलेखन नाही. म्हणून चाचणी करणारे भलताच पत्ता घालून संदेश तयार करतात, पडताळणीचे बिट बिनचूक जुळवतात आणि पडद्यावर नसलेलं विमान उमटतं का ते बघतात. (हे सगळं केबलमधून, नाहीतर लहरी बाहेर न जाऊ देणाऱ्या खोलीत. उघड्यावर केलं तर तो गुन्हा.) तोतया पकडायला मग दुसरा साक्षीदार लागतो: रडारला तिथे काही दिसतंय का? तोच संदेश वेगवेगळ्या ठिकाणच्या रिसीव्हरना ज्या वेळी पोचला, त्या वेळांतला फरक सांगितलेल्या जागेशी जुळतो का?

जॅमिंगमध्ये तोतया कुणीच नसतो. गोंगाट करून खऱ्याचं बोलणं बुडवायचं, बस्स. जीपीएस जॅम झालं तर जागा मिळेनाशी होते. स्पूफ झालं तर चुकीची जागा मिळते, तीही छातीठोकपणे. वैमानिकाला दुसरं जास्त घातक, कारण बिघाड झालाय हेच चटकन कळत नाही. 'सिग्नल बिघडवणे'त नेमका हाच फरक पुसला जातो. जॅमिंगला मी 'सिग्नल बुडवणे' लिहीन.

वाक्यात वापरताना खोटा संदेश सोडणारा तो 'तोतया' आणि त्याचा संदेश 'बनावट', अशी वाटणी करावी. फक्त 'रिप्ले'ला ती लागू पडत नाही. तिथे खऱ्या विमानाचा जुना संदेश टिपून तसाच पुन्हा सोडतात. पत्ता खरा, मजकूरही त्या वेळी खराच होता. त्याला बनावट कसं म्हणणार? तिथे 'शिळा संदेश' लिहा.