छेदातलं वर्गमूळ का बदलत नाही, आणि या कामाला नोकरी कुठे आहे

प्रश्न : मी बी.एस्सी. गणिताच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पायथनमधली सिम्पाय ही बीजगणिताची लायब्ररी वापरून बीजगणिती राशी सोप्या करणारे नियम लिहिते आहे. मन रमतं; पण √क्ष च्या जागी य टाकायला सांगितलं, तर √क्ष + १/√क्ष यातलं पहिलंच पद बदलतं. यासाठी मी त्यातलं एक्सरिप्लेस हे बदलीचं फंक्शन वापरलं. सर म्हणाले, लायब्ररीतला बग असेल. घरचे म्हणतात, असल्या कामाला नोकरी कुठे आहे, त्यापेक्षा सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स कर. काय करू?
– एक विद्यार्थिनी, जि. सातारा

उत्तर : आधी बगचं बघू, कारण नोकरीचं उत्तरही तिथेच आहे.

हा बग नाही. कागदावर तुला छेद दिसतो, संगणकाला तो दिसत नाही. त्याच्याकडे राशी झाडासारखी साठवलेली असते. √क्ष म्हणजे ‘क्ष चा १/२ घात’ आणि १/√क्ष म्हणजे ‘क्ष चा −१/२ घात’. भागाकार नावाची फांदीच तिथे नाही. एक्सरिप्लेस हुबेहूब तीच फांदी शोधतं. दुसऱ्या पदात ती नाही, म्हणून ते पद तसंच राहतं. कुठलाही नियम लिहिण्याआधी एसरेप्र हे फंक्शन चालवून झाड छापून बघ. निम्मे घोळ तिथेच उलगडतात.

सब्स हे बदलीचं दुसरं फंक्शन वापरलंस तर ते घातांकांचं नातं ओळखतं आणि य + १/य देतं. पण ते पर्याय एकामागून एक लावतं. क्ष + २य मध्ये क्ष आणि य यांची अदलाबदल करायची म्हणून दोन जोड्यांची यादी दिलीस, तर आधी क्ष चा य होऊन ३य होतं आणि मग ३क्ष. ‘सायमल्टेनियस’ हा पर्याय चालू केला की २क्ष + य हे बरोबर उत्तर येतं. मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये साधी बदली सगळे नियम एकाच फेरीत लावते, त्यामुळे अदलाबदल नीट होते. छेदातल्या वर्गमूळाचा प्रश्न मात्र तिथेही तसाच येतो. आणि तिथे अदलाबदलीचे हेच दोन नियम ‘बदल थांबेपर्यंत लाव’ म्हणून दिले, तर ते गोल फिरत राहतात आणि ६५,५३६ फेऱ्यांनंतर प्रोग्राम इशारा देऊन थांबतो.

आणखी दोन खड्डे तुझ्या वाटेवर आहेत. वाइल्ड, म्हणजे कुठल्याही राशीशी जुळणारं चिन्ह, अ आणि ब साठी वापरून अ·क्ष + ब·य हा साचा २ + ३य ला लावलास, तर जुळणी ‘यशस्वी’ होते : अ = २/क्ष, ब = ३. गणिताने चूक नाही, पण तुला सहगुणक हवे होते. म्हणून ‘एक्सक्लूड’मध्ये क्ष आणि य दे, म्हणजे अ आणि ब यांच्यात ते शिरणार नाहीत. दुसरा खड्डा जास्त छळतो. √(क्ष²) चं क्ष व्हावं म्हणून तू क्ष धन असल्याचं जाहीर करतेस, पण आधीच्या ओळीतला क्ष तशा अटीविना बनवलेला असतो. सिम्पायच्या लेखी ही दोन वेगळी चलं आहेत. छापल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, बदली होत नाही आणि एररही येत नाही.

आता नोकरी. ‘बीजगणिताचे नियम लिहिणारा पाहिजे’ अशी जाहिरात तुला दिसणार नाही. मॅथेमॅटिका किंवा मेपल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. त्यांच्या भरवशावर करिअर आखू नकोस. हेच काम कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मात्र रोजचं आहे. जीसीसी या कंपायलरमध्ये मॅच डॉट पीडी नावाची फाइल आहे, तिच्यात ‘हा साचा दिसला तर त्याजागी हा लिही’ असेच नियम आहेत. एलएलव्हीएम या कंपायलरच्या संचात इन्स्टकम्बाइन हा टप्पा तेच करतो. एआयची मॉडेलं चिपवर वेगात चालावीत म्हणून त्यांच्या गणनेचं जाळंही अशाच नियमांनी बदललं जातं. तिसरं ठिकाण म्हणजे सिद्धता तपासणारी सॉफ्टवेअरं. लीनमधलं सिम्प हे मुळात बदलीचे नियम लावणारं यंत्र आहे.

या कामात पगार मिळतो तो नियमाच्या अटीसाठी. क्ष − क्ष = ० हे शाळेत ठीक; संगणकातल्या दशांश चिन्हाच्या (फ्लोटिंग पॉइंट) संख्यांत क्ष अनंत असेल तर उत्तर शून्य येत नाही. क्ष + ० = क्ष सुद्धा बिनशर्त लावता येत नाही, कारण तिथे ऋण शून्य असतं आणि −० + ० चं उत्तर +० येतं. नियम कुणीही लिहील, तो कधी लावायचा नाही हे गणित शिकलेल्याला आधी दिसतं. इंटिग्रेशनसाठीच्या रूबी या संग्रहात ६,७००हून जास्त नियम आहेत आणि त्यांचा कस लागतो तो सोबतच्या अटींत.

पुढचे चार महिने असे घालव. पहिल्या महिन्यात लायब्ररी बाजूला ठेव आणि दीड-दोनशे ओळींत स्वतःचा डेरिव्हेटिव्ह काढणारा प्रोग्राम लिही, दहा-बारा नियमांचा. बेरीज-गुणाकारातली पदं ठरावीक क्रमाने लावूनच साठव. क्रमनिरपेक्षतेसाठी सगळे क्रम तपासायला गेलीस, तर १० पदांचे ३६,२८,८०० होतात. कंस सोडवण्याचा आणि सामाईक अवयव बाहेर काढण्याचा नियम एकाच संचात ठेवू नकोस, प्रोग्राम थांबणारच नाही. प्रत्येक नियमाने काहीतरी मोजता येण्याजोगं कमी झालं पाहिजे : फांद्यांची संख्या किंवा घातांक. प्रत्येक नियमाच्या आधीच्या आणि नंतरच्या राशीत २० यादृच्छिक किमती घालून बघ, त्यात ऋण संख्या आणि शून्य हवंच. बहुतेकजण फक्त धन संख्या घालतात आणि फसतात.

त्यानंतर सिम्पायमधल्या नोंदवलेल्या चुकांच्या यादीतून एक सोपी चूक निवड आणि दुरुस्ती स्वीकारली जाईपर्यंत पिच्छा सोडू नकोस. गुगल समर ऑफ कोड या, मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायला देणाऱ्या गुगलच्या कार्यक्रमासाठी सिम्पाय अशी स्वीकारलेली दुरुस्ती मागतं. २०२२पासून तो कार्यक्रम १८ वर्षांवरील नवशिक्यांनाही खुला आहे, विद्यार्थी असण्याची अट नाही. उरलेल्या दोन महिन्यांत सी++. ते आलं नाही तर कंपायलरची दारं बंदच समज.

पदवीनंतर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटर सायन्समधल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दे. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर एम.टेक.ला थेट प्रवेश सहसा मिळत नाही, हे गृहीत धर. एमसीएही चालेल, पण अभ्यासक्रमात कंपायलर आहे ना ते बघून.

डेटा सायन्सचा कोर्स वाईट नाही, पण तिथला ‘पॅटर्न’ म्हणजे आकडेवारीतला कल. तुझ्या साच्यांशी त्याचा संबंध फारसा नाही. घरी वर्षभरात पगाराची गरज असेल तर पायथन आणि एसक्यूएलच्या बळावर नोकरी धर आणि हे काम रविवारी चालू ठेव. दोन वर्षं शिकता येणार असेल, तर कोर्सचे पैसे वाचव.

आणि प्रोजेक्टच्या अहवालात √क्ष चं प्रकरण लपवू नकोस. दोन्ही झाडं शेजारी शेजारी काढ, खाली एक्सरिप्लेस आणि सब्सची उत्तरं दे. सरांनाही तेच दाखव.