जिन्यावरून पडलेला रेसर

प्रश्न : अंबड एमआयडीसीत माझा सीएनसी जॉबवर्कचा गाळा आहे. वय 50. महिन्याला हातात एक लाख दहा हजार येतात. मुलगा 22 वर्षांचा, बाइकच्या नॅशनल रोड रेसिंग चॅम्पियनशिपमध्ये वन-मेक कप (सगळ्यांना एकाच मॉडेलची बाइक असते ती रेस) चालवतो. त्यावर वर्षाला सहा लाख जातात. दोनदा पोडियमवर आला आहे. आता स्पेनमध्ये एक सीझन करायचा म्हणतो. तिथली टीम सीटसाठी, म्हणजे टीममधल्या जागेसाठी, 25 लाख मागते. गाळा तारण ठेवून कर्ज घ्यावं का? दोन वर्षांत तो स्वतः फेडेल अशी खात्री आहे. विम्याची काळजी नाही. 10 लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराचा एकत्र मेडिक्लेम) आहे. गेल्या वर्षी कोइम्बतूरला त्याची कॉलरबोन मोडली, नाशिकला आणून प्लेट घातली, तेव्हा 1 लाख 80 हजार मंजूर झाले (एजंटच्या सांगण्यावरून 'जिन्यावरून पडला' असं लिहून दिलं). शिवाय 2019 पासून बँकेतून घेतलेली मुलाच्या नावची युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र) आहे, वर्षाला एक लाख. पत्नीला डायबेटिस आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कर्जाचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ कंसात आहे.

पॉलिसीतलं एक्सक्लूजनचं, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्याचं, पान उघडा. त्यातली ठरावीक कलमं आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, सगळ्या कंपन्यांना सारखीच घालून दिली आहेत. कोड 09 वाचा. धोकादायक खेळात व्यावसायिक म्हणून उतरल्यावर झालेल्या इजेचा खर्च मिळत नाही, आणि त्या खेळांच्या यादीत मोटर रेसिंग नाव घेऊन लिहिलेलं आहे. 'पोरगा अजून प्रोफेशनल कुठे झालाय?' असं एजंट म्हणेल. म्हणू दे. तो मुद्दा खरी हकीकत लिहून मांडता आला असता. क्लेम नाकारला गेला असता तरी पॉलिसी शाबूत राहिली असती. आता डिस्चार्ज कार्डावर जिना आहे, रेसच्या निकालपत्रकात पोराच्या नावापुढे डीएनएफ (रेस पूर्ण केली नाही) आहे, आणि इन्स्टाग्रामवर गळ्यात हात बांधलेला, मागे ट्रॅकची पिट लेन दिसणारा फोटो त्याने स्वतः टाकला असेल तर मला नवल वाटणार नाही. ही पोरं टाकतातच. यात कंपनीला शोधायला काय राहिलं?

पाच वर्षं पॉलिसी सलग चालली की कंपनी जुनं उकरत नाही, हेही एजंटने सांगितलं असेल. खरं आहे, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ती सवलत नाही. क्लेमचे पैसे परत मागणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. पॉलिसीच रद्द झाली तर ती एकट्या पोराची होणार नाही, घरातल्या सगळ्यांची होईल. मग वहिनींना नवी घ्यावी लागेल. डायबेटिससाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला सांगतील, आणि फॉर्मवर 'आधीची पॉलिसी कधी रद्द झाली होती का?' हा प्रश्न असेलच. 1 लाख 80 हजारांसाठी तुम्ही बायकोचा मेडिक्लेम डावावर लावलात.

याच आठवड्यात विम्याची कामं करणाऱ्या वकिलाला सगळे कागद दाखवा. एजंटला नको, त्याची यातली भूमिका सोयीची नाही. कंपनीला काय आणि कसं कळवायचं ते वकिलाकडून लिहून घ्या, पैसे परत करायची तयारी ठेवा. तोवर प्रीमियमची तारीख चुकवू नका. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) लायसन्सवर किंवा आयोजकांकडून अपघात विमा मिळतो का, कितीचा, सरावाला लागू आहे का, हे पोराला लेखी आणायला सांगा. बाकी मोडतोड खिशातून. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर याच नॅशनलच्या रेसमध्ये 13 वर्षांचा मुलगा गेला. या खेळात 'काही होणार नाही' धरून हिशेब मांडता येत नाही.

खिशातून म्हणजे कुठून? युलिपमधून. कमावता माणूस तुम्ही, आणि विमा उतरवला तेव्हाच्या शाळकरी पोराचा, तोही बहुधा हप्त्याच्या दसपट म्हणजे दहा लाखांचा! बँकेतल्या ज्या कोणी हे गळ्यात मारलं त्यांचं त्या महिन्याचं टार्गेट झालं असेल, दुसरं काही नाही. पाच वर्षांचा लॉक-इन संपलाय. फंड व्हॅल्यू सहा-सात लाख तरी निघावी. काढा आणि वेगळ्या एफडीत ठेवा. हा हाडांचा फंड. सीटच्या पैशात मिसळायचा नाही. वाचलेल्या लाखातून आधी स्वतःचा एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या. पन्नाशीत महाग पडेल, तरी घ्या.

आता कर्ज. 25 लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं : हप्ता 34 हजार, एकूण फेड चाळीस लाख. तुमचे एक लाख दहा हजार. घरखर्च तुम्ही लिहिला नाहीत, मी 50 हजार धरतो. रेसिंगचे 50, युलिपचे आठ. उरले दोन. त्यातून 34 कसे काढणार? आणि त्या 25 लाखांत फक्त सीट आहे. पडल्यावरची बाइकची दुरुस्ती, टायर, राहणं, व्हिसा कोण देणार, हे टीमच्या कागदावर शोधा.

'दोन वर्षांत फेडेल' हे कोणत्या आधारावर? 2024 चा मोटो3 (मोटोजीपीच्या खालचा, लहान बाइकचा गट) विश्वविजेता दाविद अलोन्सो तेव्हा 18 वर्षांचा होता. तुमचा मुलगा 22 व्या वर्षी तिथे पैसे भरून सुरुवात करणार. पैसे घेऊन सीट देणारी टीम त्याला ग्राहक म्हणून घेते आहे. मोटोजीपी या सगळ्यात वरच्या गटात सुरुवातीच्या रेषेवर 22 जण असतात, त्यातल्या वरच्या काहींच्या कमाईचे आकडे आपण बातम्यांत वाचतो.

पोरगा चांगला असेलही, दोन पोडियम फुकट मिळत नाहीत. पण भारतात रायडरला पगार मिळतो तो कंपनीच्या टीममध्ये, टीव्हीएससारख्या, आणि ती माणसं इथल्याच ट्रॅकवरचे लॅप टाइम बघतात. त्याला अजून दोन सीझन द्या, खर्च वर्षाला चार लाखांवर बांधा, वरचे स्पॉन्सरकडून आणू दे. सीझन नसेल तेव्हा गाळ्यावर येऊन सीएनसी मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकू दे, त्याचा रीतसर पगार द्या. 24 व्या वर्षी कंपनीची टीम मिळाली नसेल, तर रायडिंग स्कूलमध्ये शिकवणं, टेस्ट रायडिंग आणि तुमचा गाळा एवढे रस्ते उरतात. तिन्हींत पगार आहे.

गाळ्याचे मूळ कागद कर्जासाठी बँकेत दिले असतील तर परत आणा. प्रोसेसिंग फी भरली असेल तर ती गेली.