भूक वाढवायचं औषध शोधण्याआधी

भाऊ, पक्षी खात नाहीत म्हणून लगेच भूक वाढवायचं टॉनिक आणू नकोस. कोंबडीची भूक माणसासारखी चालत नाही. घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या जठरात शोधलं. माणसात ते भूक वाढवतं, पण कोंबडीच्या पिल्लाला टोचलं तर उलट त्याचं खाणं कमी होतं! म्हणून माणसांच्या किंवा गुरांच्या औषधांवरून कोंबडीचा अंदाज बांधू नये.

दुसरं संप्रेरक कोलेसिस्टोकायनिन. स्निग्धांश आणि प्रथिनं आतड्यात उतरली की ते स्रवतं, आणि पक्षी चोच आवरती घेतो.

घरचं सोयाबीन स्वस्त पडतं म्हणून कच्चं भरडून खाद्यात मिसळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मीही ते केलंय. कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन-रोधक (ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक) प्रथिनांचं पचन अडवतो, स्वादुपिंड वाढून मोठं होतं आणि पक्ष्याची वाढ खुंटते. नीट भाजलेलं सोयाबीन किंवा पेंडच वापर.

आणि पिल्लं आल्यावर पहिल्या रात्री गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपून बघ. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली, तर आधी ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायच्या जागेची, ऊब आणि पाणी तपास.